मेजर, कागदावर तुमचा हुद्दा काय?

आमच्या कोरेगावकडच्या गावांत पेन्शनीत आलेला प्रत्येक फौजी ‘मेजर’च असतो. नाईक असो की हवालदार, पारावर हाक तीच. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी या हाकेला फसलो. “मेजर येतायत, हुद्द्याची केस आहे,” असा निरोप आला आणि मी रात्रभर अधिकाऱ्यांच्या बढतीचे नियम वाचत बसलो. सकाळी आले ते तात्या, हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

त्यांच्या दारावरची पाटी मात्र ‘नायब सुभेदार (निवृत्त)’ अशी, आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, हवालदार. “साहेब, सरकारनं माझा हुद्दा खाल्ला,” म्हणाले. मी तिथल्या तिथे एएफटीत, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज टाकायची भाषा सुरू केली. सिनियरांनी मसुदा न वाचताच परत दिला आणि विचारलं, “कुठला हुद्दा?”

या कामात नवीन येणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारावा. माणूस ‘हुद्दा’ म्हणतो तेव्हा तीनपैकी काहीही असू शकतं. बढतीने मिळालेला हुद्दा, एमएसीपीची, म्हणजे बढतीशिवाय सेवेच्या वर्षांवर मिळणारी, वेतनश्रेणी किंवा नुसता सन्मान म्हणून दिलेला मानद हुद्दा. सगळ्यात जास्त घोळ एमएसीपीचा. ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेवर वरची वेतनश्रेणी मिळते, त्यामुळे हवालदाराच्या पगारपत्रकावर नायब सुभेदाराचा पगार दिसू शकतो. पगार वाढला तरी हुद्दा हवालदारच राहतो. हे समोरच्याला पटवताना चहाचे दोन कप जातात.

तात्यांचा होता मानद हुद्दा. २०१२ साली ते निवृत्त झाले आणि नंतरच्या १५ ऑगस्टच्या मानद हुद्द्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं. १ जानेवारी २००६ पासून मानद नायब सुभेदाराची पेन्शन नायब सुभेदाराच्या पगारावर बसवतात. संरक्षण मंत्रालयाचं त्याबद्दलचं पत्र जून २००९ चं आहे. म्हणजे हक्क पक्का होता, पण पैसे येत नव्हते. का?

उत्तर टेबलावरच होतं. डिस्चार्ज बुक आणि मानद हुद्द्याच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत शेजारी ठेवून मी आर्मी नंबर बोटाने एकेक आकडा वाचत गेलो. एका ठिकाणी ६ च्या जागी ९. फौजेत नाव, बढती, लग्न, मूल, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये चढतं. तिथे नसलेली गोष्ट कागदोपत्री घडलेलीच नसते. तात्यांचा मानद हुद्दा दुसऱ्याच नंबरावर जाऊन बसला होता.

मग कोर्टाचं काम उरलंच नाही. आम्ही रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजींच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, एक पानी अर्ज लिहिला, दोन्ही कागदांच्या प्रती जोडल्या, चुकीच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला. तक्रार स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर, टाकायला हरकत नाही, पण मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्त केल्याशिवाय स्पर्शवरचा हुद्दा बदलत नाही. तक्रार बंद होते, माणूस परत येतो. अर्ज युनिटला पाठवणं हीसुद्धा नेहमीची चूक. तोफखान्याची नोंद नाशिक रोडला, मराठा लाईट इन्फन्ट्रीची बेळगावला, महारची सागरला. अधिकाऱ्यांची दिल्लीला. सुधारित पीपीओ यायला आठ महिने लागले.

प्रत्येक प्रकरण असं सुटत नाही. रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर त्या अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत एएफटीत जायचं. उत्तरच नाही आलं तर अर्जाला सहा महिने होऊ द्यायचे आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. त्याआधी गेलात तर कायद्याचं २१ वं कलम आडवं येतं: आधीचे मार्ग संपवले का? निवृत्त माणसाला जिथे राहतो त्या भागाच्या खंडपीठात अर्ज करता येतो. आपल्याकडच्यांना मुंबई.

उशिराबद्दल मात्र पक्षकाराला खोटा धीर देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग खटल्यात सांगितलं की चुकीची पेन्शन ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, त्यामुळे उशिरा आलात तरी दाद मिळते. थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांची. बढती आणि सेवाज्येष्ठतेला ही सवलत नाही, कारण तिथे दुसऱ्याची जागा हलते. पुढे एक खरेखुरे मेजरसाहेब आले, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मागायला. १३ वर्षांच्या सेवेवर लेफ्टनंट कर्नल करण्याची पद्धत १६ डिसेंबर २००४ पासून आली. साहेब २००३ मध्येच बाहेर पडलेले. फाईल चोख लावलेली, प्रत्येक पानाला क्रमांक. मी वीस मिनिटं ऐकलं आणि फी न घेता परत पाठवलं. ते रागावले. सिनियर म्हणाले, रागावू दे.

तात्यांना थकबाकी मिळाली तेव्हा मी पाटीचा विषय काढला. ‘मानद’ लिहायला हवं, तात्या. कुरकुरत त्यांनी पेंटरला बोलावलं. पाटीवर जागा नव्हती, म्हणून तो शब्द ‘नायब’च्या डोक्यावर बारीक अक्षरात बसवलाय. पारावर हाक अजून ‘मेजर’च.