एक्सायटेड कुठे म्हणायचं आणि एन्थुझियास्टिक कुठे

मागच्या पावसाळ्यात आमच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या संध्याकाळच्या बॅचला मॉक इंटरव्ह्यू (सरावाच्या मुलाखती) चालू होते, आणि बारामतीहून शिकायला आलेली एक मुलगी फार छान बोलत होती, शेवटी म्हणाली, "आय ॲम एन्थुझियास्टिक टू जॉइन युअर कंपनी." मी तिला थांबवलं आणि विचारलं की इथे एक्सायटेड का नाही वापरलास? तर म्हणाली, "सर, एक्सायटेड तर सगळेच म्हणतात, हा त्याच्यापेक्षा मोठा शब्द आहे ना?"

हा गैरसमज मला इतक्या जणांमध्ये दिसलाय की त्यावर सविस्तर लिहायचंच ठरवलं. एन्थुझियास्टिक म्हणजे एक्सायटेडची पुढची पायरी नाहीये, शब्द लांब आहे म्हणून भावना मोठी असं काही नसतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गंमत म्हणजे हा फरक मराठीत आपण रोज करतो, फक्त इंग्रजी बोलायला लागलं की विसरतो.

ती मुलगी ढोल पथकात वाजवते. पाऊस सुरू झाला की नदीपात्राच्या बाजूला पथकांचा सराव सुरू होतो, आमच्या क्लासच्या खिडकीतून आवाज येतो. म्हणून मी तिला विचारलं, पथकात पहिल्या दिवशी जायचं होतं तेव्हा कसं वाटत होतं? "आदल्या रात्री झोपच लागली नाही सर, कधी एकदा ढोल बांधतेय असं झालेलं." आणि आता महिनाभराने? तिने तळहात पुढे केला, टिपरू धरून धरून अंगठ्याच्या खाली फोड येऊन फुटला होता आणि तिथली कातडी घट्ट झाली होती, म्हणाली, "आता तसं धडधडत वगैरे नाही, पण एक दिवस सराव चुकवला नाहीये." म्हटलं, झालं तर मग, आदल्या रात्रीची तू एक्सायटेड आणि हा हात एन्थुझियास्टिक.

म्हणजे एक्सायटेड ही लाट आहे, काहीतरी घडणार असतं किंवा नुकतंच घडलेलं असतं आणि त्याने आपण आतून हलतो, छाती धडधडते, आवाज चढतो, मग ते ओसरतं. एन्थुझियास्टिक हे त्या माणसाच्या वागण्यात दिसतं, तो पुढे होऊन काम करतो, मन लावून बोलतो, आणि ते टिकतं. मराठीतून ओळखायची माझी युक्ती अशी की जिथे "कधी एकदा ... असं झालंय" बसतं तिथे बहुतेक वेळा एक्सायटेड, आणि जिथे "हौसेने", "हिरिरीने", "उत्साही" बसतं तिथे एन्थुझियास्टिक. कधी एकदा शुक्रवार येतोय असं झालंय, आय ॲम एक्सायटेड अबाउट फ्रायडे. सोसायटीत झाडं लावायची म्हटली की हे काका हिरिरीने पुढे असतात, ही इज ॲन एन्थुझियास्टिक व्हॉलंटियर.

शब्दांची मुळं बघितली तर डोक्यात आणखी पक्कं बसतं. एक्साइट आला लॅटिनमधल्या "एक्सितारे"वरून, त्याचा अर्थ हलवून जागं करणं, चेतवणं, म्हणजे बाहेरून कोणीतरी धक्का देतंय. आणि एन्थुझियाझम आला ग्रीकमधून, त्यात "एन" म्हणजे आत आणि "थेओस" म्हणजे देव, थोडक्यात ज्याच्या आत देव शिरलाय असा. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, अंगात येणं! इंग्लंडमध्ये 17 व्या शतकात हा शब्द चक्क टीका म्हणून वापरायचे, देव थेट माझ्याशी बोलतो असं सांगणाऱ्या लोकांना उद्देशून, आजचा चांगला अर्थ नंतर रूढ झाला. पण आत काहीतरी वस्तीला आलंय हा भाव अजून त्यात आहे.

ज्यांनी शाळेत किंवा नाटकाच्या निमित्ताने रस वाचलेत त्यांच्यासाठी तर हे अजून सोपं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात 8 स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारे, आणि 33 व्यभिचारी भाव सांगितलेत, व्यभिचारी म्हणजेच संचारी, येऊन जाणारे. उत्साह कुठे आहे? स्थायीभावात, वीररसाचा स्थायीभाव उत्साह. आणि हर्ष, आवेग, औत्सुक्य हे संचारीत. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा खरंच फार आनंद झाला होता, कारण एन्थुझियाझम आणि एक्साइटमेंटमध्ये जो फरक मुलांना समजवायला मी धडपडत होतो तो आपल्याकडे इतका आधी नीट मांडून ठेवलाय. अगदी शंभर टक्के जुळत नाही, पण लक्षात ठेवायला यापेक्षा चांगलं काही मला सापडलं नाही.

आता वापराकडे येऊ, कारण मार्क आणि नोकऱ्या इथेच जातात. एक्सायटेडच्या पुढे क्रियापद चालतं, एक्सायटेड टू जॉइन, एक्सायटेड टू मीट यू. एन्थुझियास्टिकच्या पुढे तसं "टू जॉइन" कानाला खटकतं, त्याला "अबाउट" लागतो, एन्थुझियास्टिक अबाउट टीचिंग, एन्थुझियास्टिक अबाउट डेटा. नाम वापरलंत तर एन्थुझियाझमला "फॉर", हर एन्थुझियाझम फॉर द वर्क. म्हणून त्या मुलीच्या एका वाक्याची आम्ही दोन वाक्यं केली, कंपनीत यायची जी ओढ आहे तिला "आय ॲम एक्सायटेड टू जॉइन", आणि तिची सॉफ्टवेअर टेस्टिंगची जी आवड आहे तिला "आय ॲम एन्थुझियास्टिक अबाउट टेस्टिंग", आणि त्याला लागूनच कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तिने स्वतःहून शोधलेल्या एका बगची गोष्ट. ही गोष्ट जोडणं फार महत्त्वाचं आहे, कारण मी एक्सायटेड आहे म्हटलं की समोरचा ऐकून घेतो, भावना तुमची आहे, पण मी एन्थुझियास्टिक आहे म्हटलं की तो मनात विचारतो, कशावरून? पुण्याच्या आयटी कंपन्यांत, हिंजवडीत काय आणि खराडीत काय, इंटरव्ह्यू घेणाऱ्याने दिवसभरात तो शब्द बऱ्याचदा ऐकलेला असतो.

आणखी एक, एक्सायटेड शक्यतो माणसाला किंवा प्राण्याला लागतो, नाहीतर त्यांच्या आवाजाला, चेहऱ्याला. एन्थुझियास्टिक मात्र प्रतिसादाला, स्वागताला, टाळ्यांनासुद्धा लागतो. मिरवणुकीत मानाचा पहिला कसबा गणपती येताना दिसला आणि कडेवरची पोरं उड्या मारायला लागली तर द किड्स वेअर एक्सायटेड. लोकांनी पथकाला टाळ्यांनी डोक्यावर घेतलं तर द क्राउड गेव्ह देम ॲन एन्थुझियास्टिक वेलकम. बातमीत आपण "उत्स्फूर्त प्रतिसाद" लिहितो ना, तिथे हा एन्थुझियास्टिक रिस्पॉन्स अगदी चपखल बसतो, एक्सायटेड रिस्पॉन्स तितका नाही.

नकारात तर दोघं फारच लांब जातात. "डोन्ट गेट एक्सायटेड" म्हणजे शांत हो, चिडू नकोस, घाबरू नकोस, कारण एक्सायटेडमध्ये अस्वस्थपणाही येतो. आणि "शी वॉजन्ट व्हेरी एन्थुझियास्टिक अबाउट द आयडिया" म्हणजे तिला ते फारसं पटलं नव्हतं. ऑफिसात असं वाक्य कानावर आलं तर तो सभ्य भाषेतला नकार समजायचा, आपल्याकडे नाही का म्हणत, "त्यांनी काही फारसा उत्साह दाखवला नाही"!

मराठीत भाषांतर करताना एक जपा. एक्सायटेडला "मी उत्तेजित आहे" असं लिहू नका, मशीन कधीकधी तेच सुचवतं. फिजिक्समध्ये इलेक्ट्रॉनची उत्तेजित अवस्था ठीक आहे (आणि तोही तिथे फार टिकत नाही, साधारण सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात प्रकाश सोडून खाली येतो), पण माणसाबद्दल त्या शब्दाला वेगळा वास येतो. जे फ्रेंच शिकतायत त्यांनाही सांगतो, तिथला "एक्सिते" असाच घोटाळा करतो, जपून. आपल्याकडे हुरूप आलाय, उत्सुकता लागलीये, राहवत नाहीये असं किती काय काय आहे.

स्पेलिंगमध्ये एक्स नंतरचा सी खाऊ नका. सी गेला की शब्द होतो एक्झिटेड, म्हणजे बाहेर पडलेला, आणि जॉइनिंगच्या ईमेलमध्ये नेमकी हीच चूक मी कितीतरी वेळा दुरुस्त केलीये, स्पेलचेक ती पकडेलच असं नाही कारण तोही खराच शब्द आहे. "आय ॲम एक्सायटिंग" पण नको, एक्सायटिंग ती गोष्ट, एक्सायटेड आपण. एन्थुझियास्टिक म्हणताना अडखळत असाल तर तुकडे पाडा, इन्, थ्यू, झि, ॲस्, टिक, आणि जोर "ॲस्"वर, दहा वेळा मोठ्याने म्हणा, जिभेला सवय लागते. कॉलेजातलं "एन्थू" (उत्साह) आणि "एन्थू कटलेट" (अतिउत्साही माणूस) कट्ट्यावरच ठेवा. "एन्थ्यूज्ड" हा अमेरिकेत 19 व्या शतकात मागून तयार झालेल्या क्रियापदाचा भाऊ, चुकीचा नाही पण काही जणांना अजून आवडत नाही, तेव्हा अर्जात नकोच.

आणि एक वापर मला फार आवडतो तो सांगतो, "आय ॲम सो एक्सायटेड फॉर यू". गोष्ट समोरच्याच्या आयुष्यात घडलीये आणि धडधड आपल्या छातीत होतेय, तेव्हा हे म्हणायचं, इथे फॉरच हवा आणि एन्थुझियास्टिक इथे चालतच नाही. त्या मुलीला ऑफर आली तेव्हा बॅचच्या ग्रुपवर तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने हेच वाक्य टाकलं होतं, सी सकट, बरोब्बर.