प्रोजेक्ट फाइल कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला नाही! एडिटिंग करणाऱ्यांनो, या चुका टाळा

‘प्रोजेक्ट उघडतोय, पण टाइमलाइन सगळी लाल दिसतेय.’ असा मेसेज आला की पुढचं बोलणं मला पाठ असतं. लाल म्हणजे क्लिप ‘ऑफलाइन’, सॉफ्टवेअरला ती सापडत नाही. फुटेज कुठे आहे? ‘जुन्या लॅपटॉपवर होतं.’ जुना लॅपटॉप? ‘फॉरमॅट करून देऊन टाकला, पण प्रोजेक्ट फाइल घेतलीये की पेनड्राइव्हवर!’ आता यात मी काय मदत करणार? ज्याने रात्री जागून काम केलंय, त्याला ‘गेलं’ एवढंच सांगायचं माझ्या वाट्याला येतं.

प्रोजेक्ट फाइललाच व्हिडिओ समजणं

दोनशे जीबी फुटेजच्या कामाची फाइल वीस एमबीची कशी, हा प्रश्न एकदा तरी पडायला हवा. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिप नसतात, क्लिपचे पत्ते असतात. कोणती क्लिप कुठे ठेवली आहे, कुठून कुठपर्यंत कापली आहे, कोणता इफेक्ट लावला आहे, एवढंच. दाविंची रिझॉल्व्हमध्ये तर सुटी फाइलही नसते, प्रोजेक्ट त्याच्या डेटाबेसमध्ये राहतो. त्यातून एक्स्पोर्ट केलेल्या डीआरपी फाइलमध्येही फुटेज येत नाही. फुटेजसकट न्यायचं तर ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ करावं लागतं. फायनल कटमध्ये फुटेज आणताना ‘लीव्ह फाइल्स इन प्लेस’ निवडलं असेल, तर लायब्ररी कॉपी करूनही फुटेज जिथल्या तिथे राहतं. लायब्ररी हलवण्याआधी ‘कन्सॉलिडेट’ करा, म्हणजे फुटेज लायब्ररीत गोळा होतं.

प्रीमिअरमध्ये सगळं गोळा करायला प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मी मात्र शेवटी गोळा करण्यावर विसंबत नाही. पहिल्या दिवशी एक फोल्डर करते आणि त्यात फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, फाँट, लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार फाइली), प्रोजेक्ट हे सगळं जातं. डेस्कटॉपवरची किंवा डाउनलोड्समधली एकही वस्तू थेट टाइमलाइनवर ओढायची नाही. ‘आत्ता टाकतो, नंतर नीट लावतो’ म्हणणाऱ्यांचं ते नंतर कधीच आलेलं मी पाहिलं नाही.

मूळ डिस्क जोडलेली ठेवून कॉपी तपासणं

ही चूक अनुभवी लोकही करतात. मीही केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी चाळीस मिनिटांच्या एका माहितीपटाचं कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग सुधारण्याचं काम, दुसऱ्या शहरात व्हायचं होतं. मी सगळा फोल्डर नव्या हार्ड डिस्कवर घेतला. तिथूनच प्रोजेक्ट उघडला, टाइमलाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून पाहिली. एकही क्लिप ऑफलाइन नव्हती. समाधानाने डिस्क पाठवून दिली. दोन दिवसांनी सकाळी ग्रेडिंग करणाऱ्या ताईंचा फोन आला, ‘अगं, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मुलाखती कुठे आहेत? मला निम्म्या ऑफलाइन दिसतायत.’

झालं होतं असं, की तपासताना माझ्या मशीनला जुनी डिस्क जोडलेलीच होती. नव्या डिस्कवरचा प्रोजेक्ट फुटेज वाचत होता जुन्याच पत्त्यावरून. कॉपी अर्धवट झाली होती आणि मी मूळच पाहून खूश होत होते. दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोल्डर कॉपी करताना एका फाइलवर अडकला होता आणि मी घाईत ‘स्किप’ दाबून पुढे गेले होते. ताईंनी त्या कामासाठी दोन दिवस राखून ठेवले होते. ते माझ्यामुळे वाया गेले, आणि अजूनही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरचे गुणधर्म उघडायचे, फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवायचे. मग सॉफ्टवेअर बंद करून मूळ डिस्क काढायची. फुटेज आतल्याच डिस्कवर असेल तर मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलायचं. आता कॉपीवरचा प्रोजेक्ट उघडायचा. लाल दिसलं तर दिसू दे, ते आत्ताच दिसायला हवं. रीलिंक करायचं, म्हणजे क्लिपचा नवा पत्ता दाखवायचा, नव्या नावाने सेव्ह करायचं, सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून पाहायचा आणि तीसेक सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करायचा. दुसरं मशीन हाताशी असेल तर हे सगळं तिथेच करायचं. काम हातचं जाऊ नये असं वाटत असेल तर एवढा वेळ द्याच.

बाइट्स जुळले तरी आतला मजकूर जुळेलच असं नाही. महत्त्वाचं फुटेज चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासून कॉपी करा. विंडोजवर टेराकॉपी हे करतं, आणि रिझॉल्व्हमध्ये त्यासाठीच क्लोन टूल दिलेलं आहे. रोज हाताशी असलेली ही सोय कितीतरी जणांनी उघडूनही पाहिलेली नसते.

कार्डावरचे फक्त व्हिडिओ उचलणं

कार्ड कॉपी करायचं ते अख्खं, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. ‘बाकीच्या बारीकसारीक फाइली कशाला?’ म्हणून टाकून देता त्यात क्लिपची माहिती असते, आणि काही कॅमेऱ्यांत एकच लांब शॉट अनेक फाइलींत तुटलेला असतो. गोप्रोची मोठी रेकॉर्डिंगं अशीच तुकड्यांत येतात.

प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, नावात तारीख, कॅमेरा आणि कार्ड क्रमांक. कारण बरेच कॅमेरे नव्या कार्डावर पुन्हा एकपासून मोजायला लागतात. दोन कार्डांवर ‘सी०००१’ नावाच्या दोन वेगळ्या क्लिप असल्या आणि रीलिंक करताना चुकीची जोडली गेली, तर लाल काहीच दिसत नाही. चुकीचा माणूस चुकीच्या वेळी बोलताना दिसतो, आणि ते शोधणं ऑफलाइन क्लिप शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड. क्लिपची नावं बदलायचीच असतील तर इम्पोर्ट करण्याआधी बदला, नंतर हातही लावू नका.

आणि कार्डावरून कधीही ‘कट-पेस्ट’ नको. दोन ठिकाणी कॉपी तपासून झाल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही, कितीही घाई असो.

मोबाइलवर एडिट करणाऱ्यांसाठी

ॲपमधला ड्राफ्ट म्हणजे बॅकअप नव्हे. ‘फोन भरला म्हणून ॲप काढून परत टाकलं’ असं सांगणारी मुलं रडकुंडीला आलेली असतात, कारण ॲपबरोबर फोनमधले ड्राफ्टही जातात. गॅलरीतून मूळ क्लिप पुसली तरी अनेक ॲपमध्ये टाइमलाइनवर भोक पडतं. काईनमास्टरमध्ये प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करता येतो, तो करून फोनबाहेर ठेवा. फुटेज व्हॉट्सॲपवरून पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलंत तर ते दाबून लहान होतं, आणि गेलेला तपशील परत येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो बहुधा फॅट ३२ मध्ये आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे न्यायचं तर एक्सफॅट वापरा. एनटीएफएस डिस्कवरचं मॅकला वाचता येतं, पण जास्तीच्या सॉफ्टवेअरशिवाय लिहिता येत नाही.

काल चालणारा प्रोजेक्ट आज विंडोजवर ऑफलाइन? आधी ड्राइव्हचं अक्षर पाहा. काल ‘ई’ होतं आणि आज ‘एफ’ झालं असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन परत ‘ई’ करा.

कामाच्या मध्यावर सॉफ्टवेअर अपडेट करू नका. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारा.

एकच प्रोजेक्ट क्लाउडच्या सिंक फोल्डरमधून एकाच वेळी दोन मशीनवर उघडू नका. आणि फाइलचं नाव दिसतंय म्हणजे ती उतरलेली आहे असं समजू नका, ती फक्त ऑनलाइन असू शकते. प्रवासाला निघण्याआधी इंटरनेट बंद करून पाहा.

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टायटल केली असतील तर तो फाँट नसलेल्या मशीनवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. टायटल युनिकोड फाँटमध्येच करा आणि फाँटची फाइल परवान्यात बसत असेल तर सोबत द्या.

जागा कमी पडली तर कॅशे आणि प्रीव्ह्यू या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली वगळा, ते पुन्हा तयार होतात. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगसाठी केलेल्या फुटेजच्या हलक्या प्रती, त्याही होतात, पण वेळ खातात. मूळ फुटेजला मात्र पर्याय नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम मी त्यालाच लावते: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) एक तासाचं फुटेज साधारण ४५ जीबी होतं, तेव्हा डिस्क शूटिंगच्या आधी विकत घ्या. माझी तिसरी डिस्क बहिणीच्या घरी असते. काम संपलं की नेऊन देते, आणि दर सहा महिन्यांनी आणून जोडून उघडून पाहते.