दक्षिणेतल्या काउंटीच्या दप्तरात कुळाचा माग

अमेरिकेच्या दक्षिणेत कुणाचे कूळ शोधायचे असेल, तर राज्याचे नाव ठाऊक असून भागत नाही. काउंटी, म्हणजे राज्याखालचा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, ठाऊक हवी. लग्न, जमीन, मृत्युपत्र, कर, खटले या सगळ्याच्या नोंदी काउंटीच्या मुख्य गावी, कोर्टाच्या इमारतीत झाल्या. एकट्या जॉर्जियात अशा १५९ काउंट्या आहेत. पुढचे सगळे ऑगस्टा आणि मेकन या शहरांच्या मधल्या हॅनकॉक काउंटीला धरून लिहिले आहे. मुख्य गाव स्पार्टा. कापसाचा मुलूख, गुलामांच्या श्रमावर उभा राहिलेला. आजही इथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आहे. ग्रंथालयशास्त्र, अभिलेखागार किंवा इतिहास शिकायला तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींना, आणि ज्यांच्या घरात सून-जावई त्या भागातले आहेत त्यांना, सुरुवात करताना हे हाताशी असावे.

नवखा माणूस आडनाव घेऊन निघतो आणि तिथेच फसतो. शेजारच्या अलाबामात, विलकॉक्स काउंटीतल्या जीज बेंडमध्ये पेटवे आडनावाची कितीतरी घरे आहेत, पण म्हणून ती सगळी एका रक्ताची नव्हेत. १८४६ मध्ये मार्क पेटवे या मालकाने नॉर्थ कॅरोलिनातून शंभरेक गुलाम पायी चालवत तिथे आणले आणि त्याचे आडनाव त्यांच्या लेकरांना चिकटले. उलट सख्ख्या भावांनी १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर निरनिराळी आडनावे लावल्याची, १८७० ते १८८० च्या दरम्यान एखाद्या घराने आडनावच बदलल्याचीही उदाहरणे सापडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून आडनावाच्या जोडीला तीन प्रश्न धरायचे: शेजारी कोण राहत होते, जमीन कुणाची होती, आणि कागदावर साक्षीदार म्हणून कुणी सही केली.

कागदाला हात लावण्याआधी नकाशा बघा. हॅनकॉक काउंटी १७९३ मध्ये ग्रीन आणि वॉशिंग्टन या काउंट्यांतून निघाली. १८२५ मध्ये टॅलिअफेरो काउंटी पाच काउंट्यांचे तुकडे जोडून झाली, त्यांत हॅनकॉकचाही तुकडा गेला. म्हणजे जागचे न हलता एखाद्या कुटुंबाचे कागद तीन कोर्टांत विखुरलेले असू शकतात. त्याखाली आणखी एक विभागणी आहे, मिलिशिया डिस्ट्रिक्टची. या प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्यभरातून एकच असा क्रमांक असतो आणि जनगणना व कर-नोंदवह्या दोन्ही त्यानुसार लागलेल्या असतात. तो क्रमांक टिपणात न चुकता लिहा. एकाच नावाचे दोन पुरुष काउंटीत असले, की ते वेगळे करायला तोच कामी येतो.

‘कोर्ट जळाले, कागद गेले’ हे वाक्य दक्षिणेत फार ऐकायला मिळते. वॉशिंग्टन काउंटीचे कोर्ट १८५५ मध्ये जळाले आणि १८६४ मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याने पुन्हा जाळले. तिथला तोटा खरा आहे. स्पार्टाचे कोर्टही ऑगस्ट २०१४ मध्ये जळाले, मात्र जुन्या वह्यांच्या मायक्रोफिल्म अटलांटाजवळच्या मॉरो गावी जॉर्जिया अर्काइव्ह्जमध्ये होत्या. तेव्हा नेमके विचारा: कोणत्या वर्षांच्या वह्या गेल्या, कोणत्या कार्यालयाच्या? जॉर्जियात लग्ने आणि मृत्युपत्रे प्रोबेट कोर्टात असतात, त्याचे जुने नाव कोर्ट ऑफ ऑर्डिनरी. जमिनीचे दस्त सुपिरिअर कोर्टाच्या क्लार्ककडे. हीच वाटणी सगळीकडे चालत नाही. अलाबामात जमीन, लग्न, मृत्युपत्र सगळे प्रोबेट जजकडे; मिसिसिपीत दस्त आणि मृत्युपत्रे चॅन्सरी क्लार्ककडे, तर लग्ने सर्किट क्लार्ककडे.

आता मागे जाण्याचा क्रम. जनगणनेची पाने ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या १९५० पासून सुरुवात करता येते. एकेक दशक मागे या, मधले गाळू नका. १९०० ची जनगणना सोन्यासारखी आहे: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली, बाईला किती मुले झाली, त्यांतली किती हयात. १८९० ची बहुतेक पाने १९२१ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या आगीत नष्ट झाली, म्हणून १८८० आणि १९०० यांच्यामधली वीस वर्षे कर-नोंदवह्या आणि लग्नाच्या वह्या वापरून सांधावी लागतात. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले असते. १८७० मध्ये तो रकानाच नाही. एका छपराखालची पंचेचाळिशीची बाई आणि वीस वर्षांचा मुलगा म्हणजे आई-मुलगाच, असे लिहून मोकळे होऊ नका. आत्या असेल, सावत्र आई असेल.

मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे मिळतात, पण जॉर्जियात राज्यपातळीवरची नोंद १९१९ पासूनची. अलाबामात १९०८, मिसिसिपीत १९१२, साउथ कॅरोलिनात १९१५. दाखल्यावर माहिती कुणी दिली ते आधी वाचा. सुनेने दिलेले सासूच्या आईचे नाव ऐकीव असते. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, अर्जावर माणूस स्वतःच्या आईवडिलांची नावे स्वतः सांगतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. अडचण अशी की १९३६ ला योजना सुरू झाली तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे तिच्याबाहेर ठेवले होते. ते १९५१ पासून हळूहळू आत आले. ग्रामीण दक्षिणेतल्या पुष्कळ आजी-आजोबांचा अर्ज सापडत नाही, याचे कारण बहुधा हेच.

खरा कस १८७० च्या मागे लागतो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असते आणि त्याखाली फक्त वय, लिंग, वर्ण. नाव जवळजवळ कधीच नसते. त्या यादीतले ‘२४ वर्षे, स्त्री’ म्हणजे आपलीच पणजी, असे ठरवणे ही नवख्यांची सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आधी मालक कोण ते सिद्ध झाले पाहिजे, आणि ते १८६५ ते १८७५ या दहा वर्षांच्या कागदांतून होते. १८६७ च्या मतदार नोंदणीत स्वतंत्र झालेले पुरुष मतदार म्हणून प्रथमच आपल्या नावाने येतात. जॉर्जियाच्या युद्धोत्तर कर-नोंदवह्यांत त्यांच्या नावासमोर ते कुणाकडे कामाला होते हे लिहिलेले आढळते. बरेचदा तो जुना मालक, त्याचा मुलगा किंवा शेजारचा जमीनदार निघतो. फ्रीडमेन्स ब्यूरो हे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचे सरकारी खाते १८६५ ते १८७२ चालले; त्याच्या दप्तरात मजुरीचे करार आहेत. त्याच लोकांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या ऑगस्टा आणि सव्हाना शाखांच्या खातेपुस्तकांत खातेदाराचे आईवडील, भावंडे, कधी मालकाचे आणि मळ्याचे नावसुद्धा सापडते.

मालकाचे नाव हाती आले, की त्याच्या इस्टेटीचे कागद उघडायचे. मालक वारला की कोर्ट काही शेजाऱ्यांना मूल्य ठरवायला नेमत असे. त्यांनी केलेली यादी अशी चालते: खेचरे, डुकरे, मक्याची कणगी, पिसांची गादी, नांगर, आणि त्याच रांगेत, त्याच शाईने, माणसे. नाव, कधी वय, पुढे डॉलरमध्ये किंमत. अगदी थकलेल्या म्हातारीपुढे शून्य. वाचताना घशात आवंढा येतो, पण घाई करू नका, कारण यादीतल्या क्रमाला अर्थ आहे. आई आणि तिची लहान मुले बहुधा ओळीने, पुष्कळदा एकाच किमतीत येतात. समजा, १८७० च्या पानावर चाळिशीची हॅना, वीस वर्षांचा आयझॅक, सतराची सिल्व्ही आणि चौदाचा प्रिन्स एका घरात आहेत. एकटी हॅना काउंटीत पावलोपावली भेटेल. पण १८५८ च्या यादीत अठ्ठावीसची हॅना आणि तिच्यापाठोपाठ आठ, पाच, दोन वर्षांची हीच तीन मुले आली, आणि १८७० मध्ये त्या मालकाचा जावई दोन घरे सोडून राहत असला, तर तुमच्या हातात पुरावा यायला लागला.

यादीवर थांबू नका. पुढे वारसांतले वाटप येते. मुलीच्या वाट्याला आलेली माणसे तिच्या नवऱ्याच्या काउंटीत जातात, आणि तिथे नव्या कोर्टात शोध सुरू होतो. व्यवस्थापकाच्या वार्षिक हिशेबात दरवर्षी कुणाला कुणाकडे मजुरीने दिले ते असते. सुईणीला दिलेल्या पैशाची तारीख कुणाच्या तरी जन्माच्या जवळची असते. म्हणूनच कृष्णवर्णीय कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला गोऱ्या मालकाची वंशावळही तितकीच काळजीने करावी लागते, मुलींच्या सासरांसकट. या कागदांत ‘ऑर्फन’ म्हटलेल्या मुलाचा बाप गेलेला असतो, आई जिवंत असू शकते. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ एका नावाचे थोरले-धाकटे असतात, बाप-लेक असतीलच असे नाही.

खटल्यांकडेही दुर्लक्ष नको. हॅनकॉकमधला बडा जमीनदार डेव्हिड डिक्सन १८८५ मध्ये वारला आणि गुलामगिरीत जन्मलेल्या आपल्या मुलीला, अमांडा अमेरिका डिक्सनला, त्याने इस्टेटीचा मोठा भाग ठेवला. गोऱ्या नातलगांनी मृत्युपत्राला आव्हान दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये तिच्या बाजूने निकाल कायम केला. वारसाहक्काच्या अशा खटल्यात साक्षीदार शपथेवर कोण कुणाचे मूल, कोण कुठे राहत होते हे सांगतात. एवढे तपशील दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाहीत.

जमिनीचे दस्त आपल्याला जवळचे वाटतील. लिहून देणार आणि लिहून घेणार अशा दोन सूच्या, दोन्ही बघायच्या. हॅनकॉकमध्ये जमीन चौकोनी गटांत नव्हे, चतुःसीमेने मोजलेली आहे: अमुकाच्या ओकच्या झाडापासून उत्तर ४० अंश पूर्व ३२ साखळ्या, तिथून ओढ्याच्या काठाने, अशा चालीत. साखळी ६६ फुटांची, तिच्यात १०० कड्या. एक चौरस साखळी म्हणजे आपले बरोबर चार गुंठे, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आलेखाच्या कागदावर रेघा काढून बघा. शेवटची रेघ पहिल्या बिंदूला मिळाली नाही तर नक्कल करणाऱ्याने एखादी बाजू गाळली असण्याचा संभव आहे. प्रत्येक सीमेवर शेजाऱ्याचे नाव असते, आणि तो शेजारी पुष्कळदा सासरा किंवा मेहुणा निघतो. दस्त कधी केला आणि कधी नोंदवला या दोन्ही तारखा लिहा. मध्ये वीस वर्षेही जातात, आणि उशिरा नोंदवण्यामागे बहुतेक वेळा कुणाचा तरी मृत्यू किंवा जमिनीची विक्री असते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी गहाणाच्या वह्या आहेत. वाट्याने शेती करणारा वसंतात दुकानदाराकडून उधारी घेई आणि उभे पीक, खेचर तारण ठेवी. त्या नोंदीत खेचराचा रंग, नाव आणि तो कुणाच्या शेतावर राबत होता, हे सापडते.

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर यातले बरेच कागद फुकट आहेत, आणि तिथल्या फुल-टेक्स्ट सर्चमध्ये हस्तलिखिताच्या मजकुरातूनही नाव शोधता येते. साक्षीदार म्हणून दडलेला माणूस असा सापडतो. यंत्राचे वाचन चुकते मात्र. जुन्या हातात जोड ‘एस’ हा ‘एफएस’सारखा दिसतो, ‘जेसी’चा ‘जेफसे’ होतो. मेरीची पॉली, मार्थाची पॅट्सी, सेराची सॅली होते. ही सगळी नावे टाकून बघा. पानावर पोचल्यावर मागची-पुढची दहा पाने हाताने चाळा. जिथे काही मिळाले नाही तो शोधही वही, वर्षे आणि तारखेसह टिपून ठेवा.

स्मशाने बघायला जानेवारी-फेब्रुवारीत जा. पाने गळालेली असतात, साप आणि गोचिड्या कमी. जंगलात सदाहरित विंका वेल, युका, सीडरची झाडे आणि पूर्व-पश्चिम खळगे दिसले की तिथे थडगी असण्याचा संभव मोठा. जमीनमालकाची परवानगी आधी घ्या. हरणांच्या शिकारीच्या हंगामात नारिंगी जाकीट घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. दगडावर तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, दाढीचा फेस काही लावायचे नाही. साधे पाणी, मऊ ब्रश, आणि आरशाने तिरपा पाडलेला उजेड पुरतो.

वयस्कर माणसांना भेटाल तेव्हा ‘तुम्ही कुणाकडचे?’ हा प्रश्न तुम्हालाही येईल. आपण कोण, कुणासाठी हे करतो, हे आधी सांगा. नातेवाइकांची नावे विचारण्यापेक्षा दफनविधीच्या छापील पत्रिका मागा. बायबलमध्ये किंवा कपाटाच्या खणात त्या जपलेल्या असतात आणि त्यांत भावंडे, मुले, दूर गेलेले नातलग सगळे छापलेले असते.

डीएनए चाचणी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाची करा. चौथ्या चुलतनात्यातल्या पुष्कळ लोकांशी जुळणारा अंश मुळी उरतच नाही, आणि अशा काउंट्यांत तीच घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने करत आल्यामुळे आकडा फुगून नाते जवळचे भासते. कागदाविना नुसत्या आकड्यावर नाते बांधू नका.

ज्यांना यातून पोट भरायचे आहे त्यांनी बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्सचे प्रमाणपत्र लक्ष्य ठेवावे. ही संस्था १९६४ पासून आहे. कामाची खरी गरज आज वारसांच्या सामायिक जमिनीत आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पणजोबांच्या नावावरच जमीन राहिली, वारस देशभर पांगले, ही गोष्ट सातबारा पाहिलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी एखाद्या हिस्सेदाराचा तुकडा विकत घेऊन कुणी परका कोर्टातून सगळी जमीन लिलावात काढू शकत असे. जॉर्जियात १ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याने आधी मूल्यांकन आणि इतर वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी देणे बंधनकारक केले. पण त्यासाठी वारस कोण हे कोर्टापुढे ठरावे लागते. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक अपत्याचा जन्म, लग्न, मृत्यू, निपुत्रिक गेला असेल तर तेही, कागदानिशी. शाखा एक जरी सुटली, तरी नोटीस चुकते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. त्यामुळे वकिलाकडे वंशावळ देण्याआधी १९०० आणि १९१० च्या जनगणनेतला ‘झालेली मुले’ हा आकडा आणि तुमच्या तक्त्यातली मुले मोजून जुळवा.