सुरंगीचा वळेसर घरी कसा करायचा, आणि कळे काढताना झाड कसं जपायचं

थंडी उतरायला लागली की वेंगुर्ल्याकडे आरवली, शिरोडा भागात सुरंगीला कळे धरतात, मग शिमग्याच्या आसपास बाजारात वळेसर, म्हणजे या कळ्यांचे गजरे, दिसतात, गोव्यातही मिळतात. विकत घ्या जरूर, पण ओळखीच्या कोणाच्या आवारात झाड असेल तर एकदा स्वतः करून बघाच.

१) झाड ओळखा. सुरंगी म्हणजे शास्त्रीय नावाने मॅमिया सुरिगा, आपल्या पश्चिम घाटातलंच सदाहरित झाड, पानं जाड आणि चकचकीत. फुलाच्या चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. वास इतका दाट की झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं.

२) मालकाला विचारा, आणि सकाळी लवकर जा. कळे उमलायच्या आतच काढायचे, कारण उमललेलं फूल ओवताना पाकळ्या गळतात. शिवाय फुलं उघडली की मधमाश्या येतात, तेव्हा वर असणं धोक्याचं. झाडावर चढायचं काम सवय असलेल्या माणसालाच द्या, तुम्ही खाली जुनी साडी नाहीतर चादर अंथरा म्हणजे कळे मातीत पडत नाहीत.

३) हे सगळ्यात महत्त्वाचं. फांदी तोडू नका! सुरंगीचे कळे कोवळ्या शेंड्याला नाही, जुन्या लाकडावर घोसाघोसाने येतात, त्यामुळे घाईत एक फांदी मोडली की फक्त आजचे कळे जात नाहीत, पुढच्या कित्येक वर्षांचा बहर जातो, आणि झाड तर सावकाश वाढणारं. हाताने घोस खुडायचे, अन् थोडे झाडावर ठेवायचे, माश्यांना आणि फळांना.

४) देठ साफ करून कळे निवडा. ओले असतील तर फडक्यावर पसरून ठेवा, पाण्याचा अंश राहिला तर काळे पडतात.

५) सुईदोऱ्याने नाहीतर केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीने ओवा, एकाला एक लागून पण चेपू नका. ओवलेले कळे थोड्या वेळाने फुलतात आणि वळेसर भरून दिसतो. देवीला वाहा, केसांत माळा.

६) सुकला की फेकायचा नाही. सावलीत नीट वाळवून कपाटात साड्यांमध्ये ठेवा, वास बरेच दिवस राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र कोंडू नका, बुरशी येते.