बॉल बेअरिंगमधला दोष कंपनावरून कसा शोधावा

बॉल बेअरिंगच्या रेसवर (रिंगमधल्या, बॉल धावतात त्या खाचेवर) बारीकसा खड्डा पडला की त्यावरून जाणारा प्रत्येक बॉल तिथे आदळतो. धक्का क्षणभराचाच असतो, पण त्याने रिंग आणि हाउसिंग (बेअरिंग बसवलेले घर) आपापल्या नैसर्गिक वारंवारितेने, बहुधा काही हजार हर्ट्झवर, टोला पडलेल्या घंटेसारखी घणघणतात. म्हणून कंपन किती मोठे आहे यापेक्षा हे टोले किती अंतराने पडतात ते आधी पाहावे, कारण दोषाचा पत्ता त्या लयीतूनच मिळतो.

मोजमापाला लागण्यापूर्वी आकडेमोड करून ठेवावी. 6205 या प्रचलित बेअरिंगच्या एका बनावटीत 9 बॉल, बॉलचा व्यास 7.94 मिमी आणि पिच व्यास (बॉलच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 39.04 मिमी असतो. बाहेरची रिंग स्थिर असून शाफ्ट मिनिटाला 1500 फेरे, म्हणजे सेकंदाला 25 फेरे, घेत असेल, तर बाहेरच्या रेसवरील दोषाचे टोले सुमारे 89.6 हर्ट्झने आणि आतल्या रेसवरील दोषाचे सुमारे 135.4 हर्ट्झने पडतात. या दोहोंची बेरीज बॉलची संख्या गुणिले शाफ्टचा वेग, म्हणजे 225, यायलाच हवी. हिशेब तपासण्याची ही सोपी खूण आहे. केज (बॉलना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा सांगाडा) सुमारे 10 हर्ट्झने फिरतो. बॉलवरचा दोष आलटून पालटून दोन्ही रेसना लागत असल्याने त्याचे टोले 118 हर्ट्झच्या आसपास दिसतात. बॉल किंचित घसरतात, त्यामुळे एक-दोन टक्क्यांचा फरक गृहीत धरावा.

कंपन मोजणारा सेन्सर हाउसिंगवर, भार पडतो त्या बाजूला आणि बेअरिंगच्या शक्य तितक्या जवळ घट्ट बसवावा. पत्र्याच्या झाकणावर घेतलेले मोजमाप फसवे असते. सुरुवातीचे टोले इतके क्षीण असतात की साध्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारितेला किती कंपन आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) ते असंतुलनासारख्या मोठ्या कंपनांखाली बुडून जातात. तेव्हा घणघणाटाचा उच्च वारंवारितेचा पट्टा गाळून घ्यावा, त्याचे एन्व्हलप (शिखरांवरून जाणारी बाह्यरेषा) काढावे आणि त्या एन्व्हलपचा स्पेक्ट्रम पाहावा.

आता खरा निवाडा. बाहेरच्या रेसवरचा खड्डा भाराच्या क्षेत्रात एका जागी असतो, म्हणून त्याचे टोले साधारण सारख्याच जोराचे असतात. आतली रेस मात्र शाफ्टबरोबर फिरते. तिच्यावरचा खड्डा प्रत्येक फेऱ्यात भाराखाली येतो आणि बाहेर पडतो, त्यामुळे टोले चढत-उतरत राहतात व 135.4 च्या दोन्ही बाजूंना 25 हर्ट्झच्या अंतराने उपशिखरे उभी राहतात. बॉलच्या दोषात हेच अंतर केजच्या वेगाइतके, म्हणजे 10 हर्ट्झ, असते. मुख्य शिखराच्या उंचीपेक्षा या उपशिखरांवर मी अधिक विश्वास ठेवतो.

कर्टोसिसचीही, म्हणजे कंपनातले धक्के किती टोकदार आहेत हे सांगणाऱ्या आकड्याचीही, नोंद ठेवावी. निरोगी बेअरिंगमध्ये ते 3 च्या जवळ असते आणि एकट्यादुकट्या खड्ड्याने झपाट्याने चढते. परंतु झीज सगळीकडे पसरली की टोले एकमेकांत मिसळून ते पुन्हा खाली येते, आणि हीच घसरण सुधारणा समजून यंत्र चालू ठेवले जाते. त्या वेळी एकूण कंपनाची पातळी वाढत असेल, तर बेअरिंग बदलावे.

उतरवलेले बेअरिंग लगेच टाकून देऊ नये. ग्रीस पुसून रेसवर तिरका प्रकाश पाडावा. पापुद्रा निघालेली एकच जागा धातूच्या थकव्याकडे बोट दाखवते; बॉलच्या अंतराइतक्या अंतरावर उमटलेले घासल्याचे डाग दिसले, तर यंत्र बंद असताना शेजारच्या यंत्राच्या हादऱ्यांनी ते पडले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते हादरे थांबवल्याशिवाय नवे बेअरिंगही तसेच खराब होईल.