गोऱ्हा वळूसाठी ठेवायचा तर वजन कसं बघायचं

गोऱ्हा दोन-तीन महिन्याचा झाला अन् अंगानं भरला की आपल्याकडं लगेच ठरून जातं, हा वळूला ठेवायचा. देवणी असो की लाल कंधारी, घाई तीच. पण त्या वयातल्या वजनात आईच्या दुधाचा लई मोठा हात असतो. रक्त आई अन् वळू दोघांचं निम्मं-निम्मं, पण आई वरून गर्भातलं पोषण अन् दूधबी देते, म्हणून साध्या वळूचं वासरूबी दुभत्या गाईखाली टुमटुमीत दिसतं.

आधी वजन नीट घ्या. काटा नसला तर टेप चालतो, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, अन् खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी, तीबी इंचातच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत. हा अंदाजच असतो, लहान वासराला तर काटाच बरा. जन्माचं वजन मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, नंतर कुणाला आठवत नसतं.

मग वय सारखं करा. समजा एक गोऱ्हा जन्मला २२ किलोचा अन् १०० दिवसाला ५८ भरला, म्हणजे दिवसाला ३६० ग्रॅम. दुसरा २० चा, १२५ दिवसाला ६० किलो, दिसायला हाच जड, पण वाढ ३२० ग्रॅमच. तिकडं परदेशात अँगस, हेरफर्ड या मांसासाठीच्या जाती पाळणारे असंच २०५ दिवसावर वजन आणतात, वर आईच्या वयाचा हिशोब धरतात, कारण पहिलारू गाईचं वासरू हलकंच निघतं. तेव्हा पहिल्या वेताच्या वासराची चौथ्या वेताच्या वासराशी तुलना करू नका.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे. तिकडं गाईचं सगळं दूध वासरालाच, आपल्याकडं किती सोडायचं ते धार काढणारा ठरवतो! एकाला एक थान सोडलं अन् दुसऱ्याला दोन, तर मग त्यांच्या वजनावरून रक्ताचं काय कळणार? सारखं दूध पिणाऱ्यांचीच तुलना करा.

खरा निकाल दूध तुटल्यावर. आईचा असर हळूहळू कमी होतो अन् वर्षाच्या वजनात गोऱ्ह्याचं स्वतःचं रक्त जास्त दिसतं, म्हणून निदान वर्षापर्यंत थांबा, चारा-पेंड सगळ्यांना सारखी ठेवून. त्याच वळूची बाकीची वासरंबी बघा, वेगवेगळ्या आयांखाली बहुतेक सगळी चांगली वाढली असतील तर ते वळूचं. अन् एकाच गाईची दर वेताला वासरं भरतात, वळू कोणताबी असो, तर ती गाय जपा, तिच्या कालवडी विकू नका.

फक्त जन्मालाच जड असलेल्याच्या मागं लागू नका, तसा वळू पहिलारूला लावला तर विताना अडते. अन् गोऱ्हा कितीबी भरो, त्याच दावणीच्या बहिणींवर सोडायचा नाही, बाहेर द्या नाहीतर अदलाबदल करा.