नागपुरात खनिज-उत्प्रेरकावर प्रोजेक्ट करायचा असेल तर

एमएस्सीची मुलं येतात. "दादा, रंगाचं सांडपाणी साफ करण्यावर काम करायचंय, कॅटालिस्ट (उत्प्रेरक) कोणता बनवू?" माझं उत्तर ठरलेलं असतं: बनवू नको, दगड दळ. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या गावात, मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीज खाणी आपल्याच जिल्ह्यात, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही इथलंच. असं असताना बाहेरून महागडी नॅनोपावडर मागवणं मला तरी उधळपट्टी वाटते. फक्त खाणीवरून परस्पर दगड उचलून आणू नका. विभागाचं पत्र देऊन रीतसर मागा, म्हणजे नमुना कुठला ते प्रबंधात छातीठोकपणे लिहिता येतं.

दगड मिळाला की सगळा एकदमच दळा, चाळा, नीट मिसळा आणि वर्षभर तोच वापरा. निसर्गातलं खनिज शुद्ध नसतं. दोन ढेकळांत लोह, मँगनीज, सिलिका यांचं प्रमाण वेगळं निघतं आणि मग आलेखातले बिंदू कुठेही उड्या मारतात. दळायला अगेटचा खल घ्या. लोखंडी खलातून लोहाचे कण मिसळतात, आणि इथे तर लोहच उत्प्रेरक! एक्सआरडी (दगडात कोणती खनिजं आहेत ते दाखवणारी क्ष-किरण चाचणी) आणि एक्सआरएफ (कोणतं मूलद्रव्य किती ते सांगणारी) सुरुवातीलाच करून ठेवा.

रसायन थोडक्यात सांगतो. हेन्री फेंटनने 1894 मध्ये लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साईड वापरून टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडीकरण दाखवलं. तीच क्रिया आज रंग तोडायला वापरतात. तोडणारा असतो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पेरॉक्साईडपासून सुटणारा अतिशय क्रियाशील तुकडा. विरघळलेल्या लोहाला पीएच 3 च्या आसपास लागतो आणि शेवटी लोहाचा गाळ उरतो. मॅग्नेटाइटसारखं घन लोहखनिज वापरलं तर गाळ कमी, वर चुंबकाने पावडर परत ओढून घेता येते.

मँगनीजचं प्रकरण वेगळं आहे, आणि आपल्याकडची बरीच मुलं इथेच अडकतात. पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचं खनिज, आम्लात पेरॉक्साईडशिवायही रंगाचं ऑक्सिडीकरण करतो. तसं करताना तो स्वतः खर्च होतो आणि मँगनीज पाण्यात उतरतं. मग त्याला उत्प्रेरक म्हणायचं की अभिक्रियक? व्हायव्हात हा प्रश्न येतोच. शिवाय पेरॉक्साईड घातलं की बुडबुडे भराभर येतात. त्यातलं बरंच पेरॉक्साईड नुसतं पाणी आणि ऑक्सिजन होऊन वाया जातं. बुडबुडे बघून खूश होऊ नका. पाण्यातलं मँगनीज मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे.

मिथिलीन ब्लू हा निळा रंग 664 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. शोषणांक (पाणी किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) उतरला म्हणजे रंग तुटला, असं मात्र नाही. तो दगडाच्या पृष्ठभागावर चिकटला असेल. फिल्टर पेपरही हा रंग धरतो, म्हणून सेंट्रिफ्यूज वापरा. किंवा रेणूचं नुसतं क्षपण होऊन तो रंगहीन झाला असेल; हवेत तो पुन्हा निळा होतो. म्हणून मुख्य प्रयोगाआधी नुसता दगड आणि रंग, नुसतं पेरॉक्साईड आणि रंग, आणि दगड भिजवून गाळलेलं पाणी, पेरॉक्साईड आणि रंग, हे तिन्ही प्रयोग उरकून घ्या. तिसरा बहुतेक जण वगळतात. खरं काम पृष्ठभाग करतोय की विरघळलेलं लोह, हे तोच सांगतो. गाईड म्हणतील, "वेळ जातोय." जाऊ द्या.

उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात कूलर बंद पडला की लॅबमधलं रूम टेंपरेचर 40 च्या पुढे जातं आणि वेग आपोआप वाढलेला दिसतो. हिवाळ्यातल्या आकड्यांशी त्याची तुलना करायची नाही. वॉटर बाथ लावा. पेरॉक्साईड फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी परमँगनेटने टायट्रेट करा, बाटलीवरच्या 30 टक्क्यांवर विसंबू नका.

शेवटी सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण डायक्रोमेटने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. नमुन्यात उरलेलं पेरॉक्साईड डायक्रोमेट खातं, त्यामुळे प्रक्रियेनंतर सीओडी वाढलेला दिसू शकतो. सोडियम सल्फाइटने ते आधी मारा, पण बेताने. जास्तीचं सल्फाइटही सीओडीत मोजलं जातं. शक्य असेल तर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) करून घ्या. मिथिल ऑरेंजसारख्या अझो रंगात नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात अरोमॅटिक अमाइन्स उरलेली असू शकतात, आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात.